रिकामेपणाचा दाखला

जरा जवळ सरकून बसा, हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही.

नगरपालिकेत मी ओव्हरसिअर होतो. जुनी इमारत पाडायची असली की आधी आमचं एक काम असे. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून "कोणी आहे का?" असं तीनदा विचारायचं, दारावर खडूने फुली मारायची आणि शेवटी रिकामेपणाच्या दाखल्यावर सही करायची. सही करून मी हात वर केला की पोकलेन चालू.

ही इमारत गावाने पार पिळून घेतली होती. आधी प्रसूतिगृह, मग शाळा, मग टायपिंगचा क्लास, शेवटी मोडक्या बाकांचं गोदाम. माझा जन्म तिथलाच. पाढे चुकले म्हणून मार खाल्ला, तोही तिथेच.

सकाळचे अकरा वाजले होते. तळमजल्यावरच्या फुल्या झटपट उरकल्या. आत कुबट वास होता, आणि मधूनच फिनेलचा, कालच कुणी फरशी पुसून गेल्यासारखा. जिन्याशी आलो. पायऱ्या कुजलेल्या, आणि माझे गुडघेही काही कोवळे नव्हते. खालूनच हाक दिली.

"कोणी आहे का?"

काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं. वर एक खुर्ची सरकली.

तिसऱ्यांदा विचारलं.

"आहे... आले हं..."

बाईचा आवाज. दमलेला, पण अगदी घरातला.

मी वर गेलो नाही. भीती वाटली म्हणावं, तर तेवढी वाटलीही नव्हती. वर चढणं जिवावर आलं होतं, म्हणून रस्त्यावरचा आवाज असेल अशी मनाची समजूत घातली. बाहेर येऊन दाखल्यावर लिहिलं, 'आत कोणी नाही.' सही ठोकली. हात वर केला.

पहिल्याच धक्क्याला वरचा मजला खाली बसला. ढिगारा उपसायला दोन दिवस लागले. मी तिथून हललो नाही. बाकं निघाली, एक साप निघाला. माणूस नाही. गावात कुणी हरवल्याची तक्रारही नाही.

"मग झालं ना?" बायको म्हणाली. "कशाला जिवाला घोर लावून घेताय?"

झालं नव्हतं. आठ वर्षं एक घास गोड लागला नाही.

मागच्या महिन्यात दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर तोच पोकलेनवाला. मी त्याला सगळं सांगून टाकलं. "खरं सांग... आत कोणी होतं का रे?"



"तुमच्या मागोमाग बाहेर आली की ती, साहेब. साधीच बाई. पदर खोचलेला."

मला हुंदकाच फुटला. बाहेर आली होती! म्हणजे वाचली होती!

"ऐका तर..." तो हळूच म्हणाला. "तुम्ही लिहीत होतात, तेव्हा ती तुमच्या खांद्यामागून वाचत उभी होती. वाचून झाल्यावर मान हलवली... आणि निमूट परत आत गेली. दार लावून घेतलं. मी ओरडणार होतो, पण तुम्ही हात वर केलात आणि माझा हात सवयीने दांड्यावर गेला."

तो माझ्याकडे कुशीवर वळला.

"तेव्हापासून मलाही धड झोप नाही, साहेब. एवढंच सांगा... काय लिहिलं होतं हो त्या कागदावर?"