हॅना कोव्हला राहिलेलं घर

कोरिन, त्या शेगडीचं दार आधी लाव, सगळा धूर माझ्या डोळ्यांत जातोय. आणि मायल्स, तू जाळ्यांवर बसू नकोस बाबा, त्या खोक्यावर बस. माझी नात लग्न ठरवून नवरा दाखवायला ओंटारियोहून एवढ्या लांब न्यूफाउंडलंडला येते आणि आल्या आल्या आजोबाकडे मागते काय, तर होडी. घ्या होडी. उद्या समुद्र शांत आहे, हॅना कोव्हला तासाभरात पोचाल. पण तुमच्या फोनमधल्या जुन्या नकाशात तिथं जो डबा दिसतोय ना, तो आता तिथं नाही. तीन वर्षं झाली. कुठं गेला ते मला विचारू नका. हेडलीचं काय झालं तेवढं सांगतो. चहा ओता.

हेडली स्ट्रिकलंड माझा शेजारी. वरचं ते पिवळं घर, खिडक्या बंद केलेलं, ते त्याचं. बायको एफी. हा डबे हुडकायचा नाद मुळात एफीचा. तुम्ही करता तेच. कुणीतरी कुठंतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे नकाशावर टाकायचे, बाकीच्यांनी जीपीएस घेऊन शोधत जायचं, आत आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथं परत ठेवायचा. पन्नाशी उलटल्यावर बाईला हे वेड लागलं. दर उन्हाळ्यात दोघं गाडी काढायची. नायगाऱ्याला सगळं जग धबधबा बघतंय आणि ही कठड्याखाली हात घालून चाचपतेय. सडबरीचं ते राक्षसी नाणं, ड्रमहेलरचा भला थोरला डायनासोर, पेगीज कोव्हचा दीपस्तंभ, पार व्हँकुव्हरच्या झाडांपर्यंत जाऊन आली दोघं. हेडली गाडी चालवायचा आणि कुरकुरायचा. मला म्हणायचा, अख्खा देश पाहिला मी, पण वाकलेल्या बायकोच्या मागं उभं राहून. मनातून खूश असायचा लेकाचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत एफी गेली. महिनाभराचंच दुखणं. मुलगा तिकडं अल्बर्टात तेलाच्या कामावर, तो आला, चार दिवस राहिला, गेला. मग हेडली आणि ते घर. बायको गेली की माणूस स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायला लागतो. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, तुझी आजी गेल्यापासून मीही तसाच जेवतो.

ऑक्टोबरात त्याला कॉम्प्युटरवर निरोप आला. एफीनं स्वतः लपवलेला एकच डबा होता, हॅना कोव्हला. दोघं-तिघं जाऊन आले होते, त्यांना तो सापडला नव्हता. नियम असा की डबा ज्याचा, त्यानं जाऊन बघायचं, बिघडला असेल तर नीट करायचा. महिन्याभरात कुणी बघितलं नाही तर तो नकाशावरून कायमचा जातो. त्यात कुणाची चूक नाही, नियम म्हणजे नियम. पण हेडलीनं तो निरोप मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. तिचे कपडे देऊन झाले होते, बँकेतलं नाव निघालं होतं, फोनचा नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला होता. त्या नकाशावर, एका बारक्या ठिपक्यापुढं तेवढं एफीचं नाव उरलं होतं. "हे मी जाऊ देणार नाही, गस," म्हणाला.

आता हॅना कोव्हचं कोरिनला ठाऊक आहे, मायल्ससाठी सांगतो. सदुसष्ट साली ते गाव उठलं. रस्ता नाही, डॉक्टर नाही, इकडं मिझन हार्बरला या म्हणाले सरकारवाले. लोक आले आणि येताना घरं घेऊन आले. हसू नकोस रे. घराखाली ओंडके घालायचे, सगळ्या गावानं दोर धरून ते पाण्यापर्यंत ओढायचं, रिकामी पिंपं बांधायची आणि भरती बघून होड्यांमागं तरंगत आणायचं. मी बारा वर्षांचा होतो, दोराच्या शेपटाला मीही होतो. एफी नऊ वर्षांची. तिचा बाप त्याच वसंतात बुडालेला. त्यांच्या घराची पाळी शेवटी लागली आणि तोवर वादळं सुरू झाली. पुढच्या वर्षी नेऊ म्हणाले, पुढच्या वर्षी जो तो आपल्या पोटामागं. मायलेकी दुसऱ्याच्या मागच्या खोलीत राहिल्या. साठी ओलांडली तरी एफी म्हणायची, सगळ्यांची घरं आली, आमचंच एकटं तिथं राहिलं. डबा तिनं त्याच घराच्या पायरीखाली ठेवला होता. त्या निमित्तानं तरी कुणी दारापर्यंत जाईल, असं म्हणायची.

हेडली तिकडं निघाला तो थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आमच्या ऑक्टोबरातल्या सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी. गावात घरोघर पोरं-नातवंडं आलेली, भाजण्या-शिजवण्याचा वास सुटलेला. मी म्हटलं, उद्या जा, आज माझ्याकडं जेव. म्हणाला, संध्याकाळी येतोच की. नवा डबा, थर्मास आणि एफीचंच जीपीएस घेऊन गेला. रात्री आला नाही. धुकं असं उतरलं की मला माझा धक्का दिसेना. सोमवारी सकाळी आला, माझ्या टेबलाशी बसला, आणि ताटाला हात न लावता जे सांगितलं ते असं.

डबा त्याला लगेच सापडला. पायरीखालीच होता, कोरडा, झाकण घट्ट. त्या लोकांना कसा दिसला नाही, देव जाणे. घराचं छप्पर एका अंगानं बसलेलं, पण स्वयंपाकघर उभं होतं. त्यानं डबा पुसला, जागेवर ठेवला, आणि वळून बघतो तर खाडी नाहीशी झालेली. नुसतं धुकं. अशात होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून तो आत जाऊन भिंतीला टेकून बसला.

अंधार पडला. वारा नव्हता. पाण्याचा आवाजसुद्धा नव्हता.

मग गवतात पावलं वाजली.

एकाची नाहीत. बऱ्याच जणांची. घराभोवती... हळूहळू. बोलत कुणी नव्हतं. मधूनच जमिनीवर काहीतरी पडल्याचा आवाज. दोर. ओला दोर असावा. मग सगळं थांबलं.

पायरीवर कुणीतरी चढलं.

आमच्याकडं दार कुणी ठोठावत नाही, मायल्स. ठोठावतो तो परका. आपला माणूस सरळ कडी काढतो आणि आतला म्हणतो, ये. ती कडी हलली. आणि हेडलीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ये, आत ये."

कुणी आलं नाही.

दार तसंच. पलीकडं श्वास ऐकू येत होते... खूप जणांचे. दमलेल्यांचे. हेडली मला म्हणाला, "गस, मी घाबरायला पाहिजे होतं. पण आठ महिन्यांत माझ्या दाराशी एवढी माणसं आली नव्हती." म्हणून त्यानं त्या बंद दाराकडं बघून म्हटलं, "इथं कशाला राहायचं... घरी चला."

तेव्हा त्याच्या खालची जमीन हलली. बोटभर. बांधलेली होडी हलते तशी.

मग रात्रभर काही नाही.

मी त्याला विचारलं, एफी होती का. "मी कुणाला घरी बोलावलं, तेच मला कळलं नाही," म्हणाला. आणि माझ्यासमोर रडला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखत होतो, मातीच्या दिवशीसुद्धा तो रडला नव्हता.

पुढं मी रोज त्याच्याकडं जायला लागलो. खिडकीत एफीचं जीपीएस ठेवलेलं असायचं, चालूच. त्यावर तिच्या डब्याकडचा बाण आणि अंतर. इथून हॅना कोव्ह अकरा किलोमीटर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आठवड्यानं मी बघतो तर नऊ. म्हटलं, बिघडलंय, फेकून दे. हेडलीनं त्याच यंत्रावर बाकीचे डबे काढून दाखवले. सडबरी बरोबर, नायगारा बरोबर, सगळे जागच्या जागी. फक्त एफीचा डबा जवळ आलेला. मग सात झालं. मग पाच. मी चेष्टेत विचारायचो, काय रे, आज कुठवर आली बायको? पहिल्यांदा चिडायचा. नंतर नुसता पाण्याकडं बघायचा, तेव्हा मी चेष्टा सोडून दिली.

एक दिवस बघतो तर गडी पाण्याच्या बाजूचं कुंपण उपटतोय. बटाट्यांचे वाफे मोडून जागा सपाट केलेली. हे काय म्हटलं, तर जागा लागेल म्हणाला. मुलानं फोन करून बोलावलं होतं, तिकीट पाठवतो म्हणाला होता. हेडलीनं त्याला सांगितलं, आत्ता नाही जमणार, माणसं यायचीत. तो पोरगा तिकडं काळजीनं अर्धा झाला. मला फोन करून म्हणाला, काका, बाबांकडं लक्ष ठेवा. त्या संध्याकाळी मी हेडलीला स्पष्टच म्हटलं की एफी येत असेल तर मीही तिला उतरवून घ्यायला उभा राहीन, पण दुसरंच कुणी असलं तर?

"असू दे," हेडली म्हणाला. "तीही मागं राहिलेलीच माणसं आहेत ना."



नोव्हेंबरची बारा तारीख, शनिवार. कडाक्याची थंडी, आणि पाण्यावर तरंगसुद्धा नाही. अंधार पडायच्या वेळी मी जीपीएस बघितलं. चारशे मीटर. म्हणजे समोरचा तो खडक... दिसतोय ना तुम्हाला, तो. मी पाण्याकडं बघितलं. तिथं काहीच नव्हतं. मी हेडलीला म्हटलं, आज माझ्याकडं झोप. त्यानं दाढी केली होती. चांगला शर्ट घातला होता. त्यानं माझा हात हातात धरला आणि मला घरी पाठवलं.

मध्यरात्रीनंतर मला जाग आली.

आवाज येत होता. एक जण आरोळी देतो, बाकीचे जोर लावतात... थांबतात. पुन्हा आरोळी. पुन्हा जोर. घर ओढतानाचा आवाज. बारा वर्षांचा असताना ऐकला होता मी, त्यानंतर कधीच नाही. लाकूड करकरलं. किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून काहीतरी सरकलं. जड... खूप जड. वर येत होतं. माझ्या खिडकीखालून.

मी उठलो नाही.

आवाज थांबला. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मग वर, त्या सपाट केलेल्या जागेकडून कडी वाजली. आणि आतून कुणीतरी म्हणालं, "ये, आत ये."

हेडलीचा आवाज नव्हता तो.

पुढं काही ऐकू आलं नाही. उजाडेपर्यंत मी डोळे उघडे ठेवून पडून होतो.

सकाळी वर गेलो. पिवळ्या घराचं दार उघडं. कोट खुंटीला. होडी धक्क्याला. हेडली नाही. पाण्याच्या कडेपासून दोन खोल चर निघाले होते. गोट्यांतून, गोठलेल्या गवतातून थेट त्या सपाट केलेल्या जागेपर्यंत. तिथं माती चौकोनी दबलेली. दोन खोल्यांच्या घराएवढी. वर काही नाही. नुसतं आभाळ.

पोलीस आले, कुत्रा आणला, पाणबुडे उतरवले. काही मिळालं नाही. दोघं जण हॅना कोव्हला जाऊन आले. एफीच्या घराच्या जागी पायाचे दगड तेवढे होते. जुनं घर, वाऱ्यानं पाण्यात गेलं असेल म्हणाले. म्हातारा रात्री धक्क्यावरून पडला असेल म्हणाले. चर बघून कुणी काहीच म्हणालं नाही. मुलगा आला, दोन दिवस त्या चरांत उभा राहिला आणि खिडक्या बंद करून गेला. पुढं डबाही नकाशावरून गेला. त्याच्याकडं बघायला कोण होतं आता?

त्या रात्रीनंतर आठवडाभरानं पहिला बर्फ पडला. रात्रभर पडत होता. सकाळी कुंपण पांढरं, पिवळ्या घराचं छप्पर पांढरं, ते चर भरून गेलेले. मी काठी टेकत वर गेलो. त्या चौकोनात बर्फाचा कण नव्हता. माती कोरडी. मी खाली बसलो, हातमोजा काढला आणि हात टेकवला.

जमीन कोमट होती.

भीती? नाही रे मायल्स. हेवा वाटला मला. संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसून होतो, मलाही कुणी ये म्हणतंय का ते ऐकत.