बटाट्यातली अंगठी

त्याची गाडी पंक्चर झाली नसती, तर तो माझ्या दुकानाकडे ढुंकूनही बघणार नव्हता. उचगावात पंक्चरवाल्याच्या शेजारी माझं एवढंसं दुकान. तो उन्हात घाम पुसत उभा होता, मी चांदीच्या तारेवर कानस फिरवत होते, आणि मान वर करायला मला वेळ नव्हता. निदान तसं दाखवत तरी होते. दिसायला बरा होता की.

"हे दीक्षा ज्वेलर्स... मालक कुठं हायत?"

"मालकाशीच बोलताय. बोला पावणं."

तो लाजला. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीची जुनी अंगठी, निळा फिरोजा बसवलेली, मागून कापलेली. आई अंगणात पडली, हात सुजला, म्हणून दवाखान्यात अंगठी कापावी लागली. वडिलांनी दिलेली, ते गेल्यावरही तिनं कधी बोटातून काढली नव्हती. आता ती सारखी रिकामं बोट चोळत बसते, हे सांगताना तो स्वतःचंच बोट चोळत होता... आणि खरं सांगते, मीही हलले.

"कोल्हापुरात गुजरीतले सोनार म्हणाले, खडा काढल्याशिवाय डाक देऊन सांधता येत न्हाय. काढताना फुटला तर आम्ही जबाबदार न्हाय."

"बरोबर हाय त्यांचं. फिरोजाला जाळ सोसत नाही, रंग जातो, तडकतो." मी अंगठी भिंगाखाली धरली. खड्याभोवतीचं कोंदण झिजून कागदासारखं पातळ झालं होतं. उघडलं असतं तर पुन्हा मिटलं नसतं. "एक काम करा. कोपऱ्यावरनं बटाटा आणा."

"बटाटा?"

"मोठा. कोंब नसलेला."

तो पिशवी भरूनच घेऊन आला. मी एका बटाट्याला खाच पाडली आणि खडा ओलाव्यात थंड राहावा म्हणून आत, कापलेली बाजू वर, अशी अंगठी त्यात रोवली. आईच्या बोटाच्या मापाचा दोरा त्यानं आणलाच होता. बोट थोडं जाड झालं होतं, म्हणून मध्ये चांदीचा बारीक तुकडा घातला, टाकणखार लावला, डाकाचा कण ठेवला आणि गॅसची ज्योत बारीक केली. बटाटा चुरचुरला. कण वितळून सांध्यात पळाला, तेव्हा कळलं की आम्ही दोघंही श्वास धरून होतो. खडा निळाच राहिला.

"वास भारी येतोय," तो म्हणाला. "मीठ असतं तर..."

मी हसले, आणि तिथंच माझा निकाल लागला.

रिठ्याच्या पाण्यात घासून, चमकवून, अंगठी कापसात गुंडाळून दिली. नाव प्रसेनजीत, गाव बिद्री, साखर कारखान्यात नोकरी, मामा उचगावात — एवढं मी न विचारता कळलं. बरं, थोडं विचारलं. आता हा कशाला परत येतोय, म्हणून दिवसभर उदास होते. उरलेले बटाटे भाजीत गेले. एक मात्र टाकवेना, तो खिडकीत ठेवला.

पुढच्या रविवारी स्वारी हजर.

"आईला सैल होतीय."

मी अंगठी हातात घेतली. आतल्या बाजूला माझ्याच कापसाचा तंतू अडकलेला, चमक जशीच्या तशी. घातलेल्या चांदीला दोन दिवसांत बारीक ओरखडे पडतात. ही कुणाच्याच बोटात गेली नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"ठेवून जावा. रविवारी या," मी म्हणाले.

तो आला, चहा झाला, अंगठी गेली. आणि पुढच्या खेपेला — "आता घट्ट होतीय."

"मापं कशी हो चुकतात तुमची?"

"दोऱ्याचा काय भरवसा."

"आणि माणसाचा?"

"माणूस दर रविवारी येतोय की..." एवढं बोलून त्यानं गरम चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली असणार.

पण पुढं कुणीच काही बोलेना. तिकडं एक बाई रिकामं बोट चोळत होती, आणि इकडं माझी जीभ उचलत नव्हती. मला माझाच राग येत होता.

अंगठी माझ्याकडेच ठेवून तो गेला, आणि त्यापुढच्या रविवारी येऊन टेकतोय तोच दारात एक म्हातारी उभी.

"जय भीम, पोरी. मी तानाबाई, ह्या ठोंब्याची आई. माझी अंगठी कुठं हाय?"

मी डबीतून काढून दिली. त्यांनी बोटात सरकवली. नेमकी बसली.

"झकास हाय की. मग रं? रोज इचारतोय मी, तर म्हणं दुरुस्तीला हाय. म्हणून आज तुझ्या मागनंच आलो."

प्रसेनजीतनं मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी झालती, आई. हितं यायला निमित्त न्हवतं..." मग माझ्याकडे वळला. "चुकलंच माझं. माझ्यापायी खडा पुन्हा पुन्हा जाळात गेला. फुटला असता तर?"

"एकदाच गेला," मी म्हणाले. "नंतर माझ्याकडे अंगठी नुसती डबीत पडून होती. तुमच्या आईनं घातलीच नव्हती, हे मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोलले असते तर पुढच्या रविवारी कोण आलं असतं?" माझे कान तापले होते, तरी म्हणून टाकलं, "मला आवडता तुम्ही."

"मला बी," तो म्हणाला.

तानाबाई खिडकीतल्या बटाट्याकडे बघत होत्या. कोंबाला पानं आली होती.

"ह्येला पानं फुटली, तरी तुमची दोघांची तोंडं मिटलेलीच. आणि मी तिकडं बोट चोळत बसलोय." त्यांनी टेबलावरचा दोरा उचलला आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला. "सर बाजूला. हिच्या बोटाचं माप मी घेतो. तुझ्या मापावर माझा इस्वास न्हाय."