तीन घोट

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? डोळ्यांनी पाहिलं म्हणणाऱ्यावर, की आपल्या डोळ्यांना दाखवणाऱ्यावर? असू दे, घाई नाही. सरका जवळ.

मी भांडीवाला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुकानासमोरच्या माडीवर एक बातमीवाला राहायचा. एकटा जीव सदाशिव. प्रश्न तोच विचारणार, कॅमेरा तोच धरणार, कापाकापी तोच करणार आणि मोबाइलवरून गावभर तोच पोचवणार. मी म्हणायचो, "अरे, गाडी तूच, बैल तूच आणि हाकणाराही तूच!" तो हसायचा. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या मार्चची अकरा तारीख, मंगळवार. रात्रीचे पावणेदहा. मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या आजी पाच दिवसांपूर्वी गेल्या होत्या. पोटाच्या दुखण्याने. परगावाहून आलेल्या लेकीचा याला फोन आला, "दादा, आईचं शेवटचं बोलणं तुमच्याकडे आहे म्हणे. एकदा दाखवा." हा लॅपटॉप नि कॅमेऱ्याची पिशवी घेऊन निघाला.

आता मागचं ऐका. त्या गल्लीच्या नळात महिनाभर गटार मिसळत होतं. पाणी पिवळट, त्यात केसांसारखे धागे, वर बुळबुळीत तवंग. वास तर असा, की नाकातून थेट घशात उतरावा. आजींनी बाटलीभर पाणी याला दाखवलं. हा म्हणाला, "आजी, बाटली कोण बघतं? पेल्यात घ्या आणि एक घोट प्या. मग बघा साहेबलोक कसे पळत येतात."

"मेल्या, हे पाणी मी फरशी पुसायलाही घेत नाही! पिण्याचं विकत आणते."

"गल्लीसाठी, आजी."

आजी प्यायल्या. डोळे मिटून. आणि याने बघितलं तर कॅमेऱ्याचा लाल दिवा बंद! कॅमेरा स्टँडवर, एका हातात माइक, दुसऱ्यात दिवा... बटण दाबायचंच राहिलेलं. एकट्याने काम करणाऱ्याची नेहमीची चूक.

"आजी... पुन्हा एकदा."

प्यायल्या. मग म्हणाला, "आता एक बाजूने घेऊ."

तिसऱ्या घोटाला आजींना ओकारी आली. ती याने कापून टाकली. लोकांनी पाहिला तो एकच घोट. दोन दिवसांत नळ दुरुस्त झाला. याची वाहवा झाली. कुणी विचारलंच, तर हा म्हणायचा, "आजींनी स्वतःहून घेतला. मी तर नकोच म्हणत होतो."

तर त्या रात्री लेकीने व्हिडिओ पाहिला. डोळे पुसले. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, एका घोटाने एवढं होत नाही. म्हणजे आई रोज हेच पीत होती का, दादा? मी न्यायला येते, येते म्हणत राहिले... एकटी होती ती. माझ्यामुळेच झालं ना हे?"

पोरांनो, एका शब्दाने तिचं ओझं उतरलं असतं. याने काय म्हणावं?

"असेल, ताई. पीत असतील रोज."

थू!

आणि तेवढ्यात वास आला. नळ दुरुस्त होऊन आठवडा लोटला होता. तोच वास. घशात उतरणारा.

याने लॅपटॉप मिटायला हात घातला. व्हिडिओ संपला नव्हता. पडद्यावर आजी पुन्हा पेला भरत होत्या. मागून याचाच आवाज, "पेल्यात घ्या आणि एक घोट प्या."

पहिला घोट. जो कॅमेऱ्यात नव्हताच... लाल दिवा बंद असतानाचा.

मग दुसरा.

मग तिसरा. ओकारी. ओठांवरून ओघळणारा तो तवंग.

मग आजींनी चौथ्यांदा पेला भरला. काठोकाठ. आणि समोर धरला. याच्याकडे.



नुसत्या धरून राहिल्या.

याच्या तोंडात बुळबुळीत काहीतरी आलं. जिभेवर. केसासारखं. "तीन!" हा ओरडला. "तीन घोट, ताई! मी पाजले. त्या रोज पीत नव्हत्या. विकतचं आणायच्या. मी पाजले!"

लेक हळूच म्हणाली, "पडदा तर मघाशीच काळा झालाय... कशाकडे बघताय?"

मग तिला बोलण्याचा अर्थ कळला. ती उठली. दार उघडलं.

"जा."

साडेदहाला त्याने माझं शटर वाजवलं. घडलं ते सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. मग पाणी प्यायला बाटली काढायची म्हणून पिशवी उघडली.

आत स्टीलचा पेला. माझ्याच दुकानातला; काठावर आजींचं नाव मीच घालून दिलेलं. गल्लीतून, खड्ड्यांतून पिशवी खांद्यावर हिंदकळत आलेली. पेला काठोकाठ भरलेला. पिवळट. वर तवंग.

आणि पिशवी... कोरडी ठणठणीत.

म्हणून हात जोडून सांगतो, बाळांनो. धंदा कुठलाही करा, पण हिशेब खरा ठेवा. तीन झाले असतील, तर तीनच लिहा.