सहावी पट्टी

अंबरीश पहिल्यांदा आला तो चुकीच्या दाराने. मुरुडचा हा मुलगा लातूरच्या कॉलेजात शिकवायचा. पीएचडीच्या तांब्याच्या पट्ट्या घेऊन नांदेडच्या वाफेच्या लॅबमध्ये जायचं, तर घुसला थेट सामानाच्या खोलीत. तिथे लॅब सांभाळणारी मृण्मयी डबा खात बसली होती. तो इतका ओशाळला, की शेवटी तिनेच त्याला डब्यातला एक धपाटा खायला देऊन बसवून घेतलं.

झालं, तेव्हापासून तिचा आठवडा शनिवारी सुरू व्हायला लागला.

सहा पट्ट्या, सहा शनिवार. वाफ सोडायची आणि काचेतून बघत बसायचं. साध्या तांब्यावर पाण्याचा सलग थर धरतो आणि उष्णता अडते. लेप दिलेल्या तांब्यावर थेंब धरतात, घरंगळतात, उष्णता भराभर पार होते. हे तो इतक्या मायेने सांगायचा, की मृण्मयीला त्या थेंबांचा हेवा वाटायचा. बाकी मनातलं एक अक्षर बोलेल तर शपथ.

सहावी पट्टी बिनलेपाची होती, तुलनेसाठी. ती धुऊन चिमट्यानेच बसवायची. हात लागला की कातडीचं तेल बसतं आणि मोजणी वाया जाते. हे काम मृण्मयीचं. आजची मोजणी झाली, की हा काही परत येणार नव्हता.

वाफ सुटली. अंबरीश काचेला नाक लावून बसला. पट्टीवर थर धरला, पण मधोमध अंगठ्याएवढ्या जागेत टपोरे थेंब उभे राहिले.

"मॅडम... पट्टीला हात लागला काय हो?"

पाच वर्षांत तिच्या हातून एक पट्टी बिघडली नव्हती. चुकून लागला म्हणून सांगता आलं असतं.

"चुकून न्हाई," ती म्हणाली. "मीच लावला. पुन्हा मोजायला याल म्हणून..."

मग त्याने वाफ बंद केली आणि वहीतला आजचा रकाना कोरा सोडला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"पुढच्या शनिवारी येतो," तो म्हणाला. "पण एकटा न्हाई, आईला घेऊन येतो. माझी मोजणी होईस्तोवर ती तुमच्या घरी वडलांशी बोलत बसंल... चालंल का?"

मृण्मयीला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"हाव," ती म्हणाली. "अप्पांना त्या दिवशी घरीच थांबायला सांगते."