नहरीतली हाक

पोलीस अॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांवरचे झेंडे बदलले, पण औरंगाबादच्या जमिनीखालच्या जुन्या नहरीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. हर्सूलकडून येणारं पाणी बेगमपुऱ्यातल्या हौदांत पडायचं तसंच पडत होतं. मधे कुठं गाळ साचला, पिंपळाची मुळं आत घुसली, की हौद कोरडे पडत. मग नगरपालिका सोनाजीला खाली उतरवी.

सोनाजी पन्नाशीला टेकलेला, काटक गडी. विहिरीसारख्या अरुंद तोंडातून दोराला धरून तो खाली जाई. भुयारात कुठं वाकून चालता येई, कुठं कोपरांवर सरपटावं लागे. वर दोर कंबरेला गुंडाळून त्याचा जोडीदार फकिरा बसलेला असे, विडी ओढत.

सोनाजी आणि त्याची बायको बानाबाई तरुणपणीच ख्रिस्ती झाले होते. दर रविवारी छावणीतल्या देवळात दोघं उपासनेला जात. गेल्या उन्हाळ्यात कॉलऱ्यानं बानाबाई गेली. दवाखान्यात त्याला आत सोडलं नाही. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. आतून ती विचारी, “ऐकलं का? हाईत ना?” हा म्हणे, “व्हय, हाय मी.” दुपारपर्यंत असं चाललं. मग आतून विचारणं थांबलं, तरी सोनाजी बराच वेळ “व्हय, हाय मी” म्हणत राहिला होता.

पहिली हाक आली ती आश्विनातल्या एका सकाळी. तो गुडघाभर पाण्यात गाळ ओढत होता. कंदिलाचा उजेड पुढच्या वळणापर्यंत जात होता. वळणापलीकडून कोणीतरी म्हणालं, “सोनाजी.”

आवाज बानाबाईचा होता. तसाच, जरा घोगरा, शेवटाला उतरणारा.

त्याच्या तोंडात “व्हय” आलंच होतं, पण ओठ मिटले. इतक्या वर्षांच्या संसारात बानाबाईनं नवऱ्याचं नाव कधी जिभेवर घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं, तर ती शेजारणीला पुढं करायची.

तो उलट्या पावली मागं आला, दोर धरला आणि वर चढला. फकिरानं विचारलं, “क्या हुआ?” सोनाजी म्हणाला, “दम कोंडला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो देवळात गेला. आत कोणी नव्हतं. मागच्या बाकावर, खिडकीच्या सावलीत, पाळक आप्पासाहेब त्रिभुवन बसलेले दिसले. सोनाजी त्यांच्या पुढच्या बाकावर टेकला आणि समोर बघतच सगळं सांगून मोकळा झाला.

“ती नव्हे हे तुला कशावरून कळलं?” आप्पासाहेबांनी मायेनं विचारलं.

“माझं नाव घेतलं तिनं, साहेब. ती कधी घ्यायची नाय.”

“मग काय म्हणून हाक मारायची?”

“अवं, ऐकलं का, असं म्हणायची.”

“आणखी काय म्हणायची?”

विचारणारं कोणी भेटलं नव्हतंच त्याला इतके महिने. आपण जेवलो नाही तर ती कशी रुसायची, अंगाला करंजाच्या तेलाचा वास कसा यायचा, मूल झालं नाही म्हणून ती एकटीच कशी रडायची, सगळं त्यानं सांगितलं. निघताना त्याला हलकं वाटलं. आप्पासाहेबांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला नाही, हे मात्र रस्त्यात त्याच्या ध्यानात आलं.

दोन दिवसांनी तो खाली उतरला तेव्हा भुयारात करंजाच्या तेलाचा वास भरला होता.

“अवं, ऐकलं का?” वळणापलीकडून आवाज आला. “जेवलात का नाय? मला लई गार लागतंय.”

सोनाजीच्या हातातलं फावडं पाण्यात पडलं. तो कसा वर आला ते त्याला आठवेना. ओल्या कपड्यांनीच तो पाळकांच्या घरी धावला. दारात टांगा उभा होता. आप्पासाहेब बिछाना खाली उतरवत होते आणि त्यांच्या वहाणा धुळीनं भरल्या होत्या. त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाल्या, “अरे, थांब जरा. आठ दिवसांनी आत्ता येतायत बिडकीनहून. पाणी तरी पिऊ दे त्यांना.”

“मग परवा देवळात...” म्हणत सोनाजी ओट्यावर बसला.

आप्पासाहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. देवळातल्या बाकाची गोष्ट आली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला आत घेऊन दार लोटलं.

“सोनाजी,” ते म्हणाले, “मोह नेहमी आपल्या पापाच्याच वाटेनं येतो असं नाही. तुझ्याकडं तो मायेच्या वाटेनं आलाय. आवाजावरून त्याला ओळखायला जाऊ नको, आवाज तो शिकतो. काय मागतो ते बघ. त्यावरून ओळख.”

“अन् मग काय करू?”

“वाद घालू नको. शिव्या देऊ नको. उत्तरच देऊ नको.”

“पण साहेब, ती असली तर?”

“बाना प्रभूपाशी आहे. तू आणि मी, आपणच तिला मातीत ठेवलंय.” इतकं बोलून आप्पासाहेब दाराकडं बघत राहिले. स्वतःच्या घरात असूनही ते हळू आवाजातच बोलले होते.

सोनाजीनं मुकादमाकडं काम सोडायचं म्हणून सांगून पाहिलं. मुकादम म्हणाला, “बेगमपुऱ्यातल्या बाया घागरी घेऊन कचेरीसमोर बसल्यात. तेवढं तुंबलेलं काढ, मग कुठं जायचं तिथं जा.” पण जायचं कुठं? देवळात जायची त्याला भीती वाटू लागली होती. घरी तो प्रार्थना करी ती मनातल्या मनात. मोठ्यानं बोललेलं कोण ऐकत असेल याचा आता भरवसा राहिला नव्हता.

भर दुपारी तो उतरला. ज्या जागेवर मुळांनी वाट बुजली होती, तिथं पोटावर सरपटत जावं लागलं. पाठीला छत घासत होतं. तो कोयत्यानं मुळं तोडू लागला. अखेरचं मूळ तुटलं आणि अडलेलं पाणी अंगावरून धावत गेलं. कंदील विझला.

“अवं, ऐकलं का?”

आवाज या वेळी मागून आला होता. त्याच्या आणि वर जायच्या तोंडाच्या मधून.

तो गप्प राहिला.

“मी तिकडं नाय गेले. तुमाला खोटं सांगितलं समद्यांनी. हितंच हाय मी, अंधारात. हाईत ना तुमी?”

त्यानं जीभ दातांत धरली.

“एकदा व्हय म्हणा. तेवढंच मागते. मग मी वर येते.”

तेवढंच! एक शब्द. हजारदा दिलेला. तो दिला नाही, तर आपण तिला दुसऱ्यांदा दवाखान्यात टाकून जातोय असं त्याला वाटलं. पण बानाबाईनं मरताना देखील त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. तो आहे ना, एवढंच विचारलं होतं.

त्यानं डोळे घट्ट मिटले आणि आवाजाच्या दिशेनंच मागं सरपटायला लागला.

तळपायांना गार काहीतरी लागलं. मग पोटऱ्यांना. ओल्या लुगड्यासारखं.

वास नाकातोंडात भरला.

अगदी कानाशी ती रडत होती.

जिभेतून रक्त आलं. त्यानं ते गिळलं.

मग पाठ मोकळी झाली. वरून उजेड आला. तो वळला, दोर धरला आणि चढला. काठावर येऊन उन्हात पालथा पडला. हौदाकडं पाणी चालल्याचा आवाज जमिनीतून येत होता. बऱ्याच वेळानं त्याला हुंदका फुटला, आणि छातीवरचा दगड सरकल्यासारखं झालं. तो जिंकला होता.

“मामू,” फकिरा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “खाली तुझ्यासंगं बाई कोण हाय?”

सोनाजीनं मान वर केली.

“किती येळची इचारत व्हती, वर येऊ का, वर येऊ का. तू तर बोलंना. मला दया आली.”

“मग?”

“मी म्हणलं, व्हय, ये की.”

फकिरानं दोन्ही टाचा मातीत रोवल्या होत्या. त्याच्या कंबरेभोवतीचा दोर काठावरून खाली गेला होता, आणि तो अजून ताणलेलाच होता.