घड्याळवाल्याचं निवेदन

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण जिच्या बाबतीत ती घडली, ती माझी सख्खी मामेबहीण आहे. स्वतःची लाज वेशीवर टांगणारी गोष्ट कुणी रचून सांगत नाही.

भुतं रात्रीच येतात म्हणतात ना?

हे भर दुपारी घडलं. शनिवारी. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत असताना.

बहिणीला सगळे मैना म्हणतात. ती एका इंटरनेट रेडिओवर निवेदिका होती. आता रेडिओ म्हणजे काय, तर शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना फोम चिकटवलेला, खिडकीला जुनी गादी ठोकलेली. काचेपलीकडे रेकॉर्डिंग सांभाळणारा दादा. माईक चालू असला की पंखा बंद, आणि अंगातून घामाच्या धारा.

दर शनिवारी सकाळी मैना पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमांची जाहिरात रेकॉर्ड करायची. सोमवारी प्रवासाची गाणी, मंगळवारी अंगाई, बुधवारी विनोदी किस्से... मग ती आठवडाभर वाजत राहायची.

त्यात एक नवा कार्यक्रम ठरला, मैनाने रेडिओवर तसं सांगितलंही. 'माईक तुमचा'. श्रोत्यांनी स्टुडिओत यायचं आणि स्वतः निवेदन करायचं.

पहिला निरोप आला घड्याळवाल्याचा.

हा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. रोज मोबाईलवर आवाजात निरोप पाठवून एखादं गाणं मागायचा. बोलताना अडखळायचा फार. "मी घ... घ... घड्याळवाला बोलतोय." त्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव टांगणीला लागायचा.

"म... मलाही निवेदन क... करायचंय," त्याने कळवलं होतं. "तयारी चालू आहे."

मैनाला हसू आवरेना. त्याच भरात तिने जाहिरात रेकॉर्ड केली.

"आणि शनिवारी दुपारी ऐका... मा... मा... माईक तुमचा!"

नक्कल हुबेहूब. दादा पोट धरून हसला. मग त्याने हेडफोन काढला.

"मैना, काढून टाकूया का गं? त्याने ऐकलं तर?"

"अरे, गंमत आहे. त्याचं नाव कुठे घेतलंय?"

लोकांना जाहिरात भलतीच आवडली. फक्त मामी, म्हणजे तिची आई, जेवताना म्हणाली, "हे शोभतं का तुला?"

मैनाने आणखी एक पोळी वाढून घेतली.

घड्याळवाल्याचे निरोप थांबले. तिच्या लक्षात आलं होतं ते. आणि तिला बरंच वाटलं... ब्याद टळली.

मग तो शनिवार उजाडला.

सकाळी मैनाने नेहमीसारखी नवी जाहिरात वाचली. एका दमात. या वेळी नक्कल वगैरे काही नाही. दादाने ती परत वाजवली.

"...आणि शनिवारी दुपारी ऐका..."

शांतता.

मग, "माईक तुमचा."

"मध्ये थांबलीस का?" दादाने विचारलं.

"नाही रे."

पुन्हा वाचलं. पुन्हा वाजवलं.

तीच जागा... तीच शांतता. आता अधिक लांब.

दादाने तो तुकडा कापला. वाजवला. शांतता जिथल्या तिथे.

त्याने आवाज पूर्ण वाढवला. दोघांनी कान दिले.

आधी काहीच नाही.

मग... कुणीतरी श्वास घेतला.

ओठ एकमेकांवर दाबले गेले. उघडले. पुन्हा दाबले गेले. शब्द अगदी ओठांवर यावा आणि तिथेच अडकावा, तसं.

"म्..."

बस्स. एवढंच.

 मैनाने घड्याळवाल्याचा नंबर लावला.

फोन एका बाईने उचलला. त्याची मोठी बहीण.

"मैनाताई ना? आवाज ओळखला मी. अहो, तो गेला. बुधवारी. झोपेतच."

मैना खुर्चीत बसली.

"तुमची दर आठवड्याची जाहिरात सगळी पाठ करायचा तो," बहीण सांगत होती. "दुकानात बसून सराव करायचा. मग तुम्ही ती नक्कल केलीत ना... तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक हसलं, हाही हसला. त्यानंतर मात्र दार लावून सराव करायला लागला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मी... मी नंतर करते फोन," मैना म्हणाली आणि तिने फोन ठेवला. माफी मागायची राहूनच गेली.

दुपारी 'माईक तुमचा' सुरू व्हायची वेळ झाली. एकही श्रोता आला नव्हता. मैनाने ठरवलं, थेट प्रक्षेपणात माफी मागायची. सगळ्यांसमोर.

लाल दिवा लागला. पंखा बंद झाला.

तिने तोंड उघडलं...

आवाजच फुटेना. जीभ टाळ्याला चिकटलेली. काचेपलीकडून दादा हातवारे करत होता, "बोल! बोल ना!"

हेडफोनमध्ये शुकशुकाट. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात समोरच्या पडद्यावर श्रोत्यांचे संदेश यायला लागले.

"हे नवे निवेदक कोण?"

"काय सुंदर बोलतात!"

मैनाने दादाकडे पाहिलं. त्याने हेडफोन कानांवर दाबून धरले होते. त्याने नकारार्थी मान हलवली. त्यालाही काही ऐकू येत नव्हतं.

"पुढच्या शनिवारी रुसव्याची गाणी? वा, वाट बघतोय!"

मैनाने तो संदेश पुन्हा वाचला.

रुसव्याची गाणी हा कार्यक्रम अजून फक्त तिच्या डोक्यात होता. तिने तो कुणालाच सांगितला नव्हता. दादालाही नाही.

मग एकामागून एक संदेश.

"शेवटचं वाक्य तुटलं."

"आवाज गेला. शेवटी काय म्हणाले ते?"

लाल दिवा आपोआप विझला.

दोघांनी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग तपासलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत... काही नाही. नुसती शांतता.

संध्याकाळी फोन वाजला. घड्याळवाल्याची बहीण. रडत होती.

"सवयीने लावला हो मी रेडिओ. एकदाही अडखळला नाही तो! त्याने रेकॉर्ड करून पाठवलं होतं ना तुम्हाला? आणि तुम्ही ते जपून ठेवून लावलंत. फार उपकार झाले, मैनाताई."

खरं सांगायची ती वेळ होती.

मैना म्हणाली, "हो."

"आणि शेवटी तुमच्याबद्दल जे बोलला ना..." बहिणीला हुंदका आवरेना. "ते ऐकून तुम्हाला कसं वाटलं असेल, मी समजू शकते."

"हो," मैना पुन्हा म्हणाली.

ते शेवटचं वाक्य इतर कुणालाच ऐकू आलं नव्हतं. फक्त त्या बहिणीला. आता मैना कुठल्या तोंडाने विचारणार, की तो काय म्हणाला?

तिने नोकरी सोडली. मी कितीदा सांगितलं, जा, त्या बाईंना भेट, खरं काय ते सांगून टाक. ती नुसती ऐकून घेते.

"त्याने मला माफ केलं असेल," परवा ती म्हणाली, "तर खोटं बोलून मी ती माफी चोरली. आणि शिव्या दिल्या असतील, तर त्यांनाही मी 'हो' म्हणून बसलेय."