चिलटांची वडी

ही गोष्ट खरी आहे. फनेसी आजही मलावी सरोवराच्या काठी, उसिस्या गावात राहते. चिलटांचं नाव काढलं की ती उठून जाते.

त्या वर्षी तिचा नवरा चिमांगो वादळात बुडाला. होडी सापडली...

तो सापडला नाही.

आमच्याकडे बुडालेल्याचं मढं वर येईपर्यंत त्याच्या घरात सरोवरातलं काही शिजत नाही. फनेसीने ते पाळलं. पण घरातलं मक्याचं पीठ संपलं. लहानगी लेक तेमवा भुकेने कण्हायला लागली.

आणि एका संध्याकाळी पाण्यावर धुरासारखा लोट उठला...

चिलटं.

गावातल्या बायका तव्यांना तेल फासून काठावर धावल्या. हवेत तवा फिरवायचा, चिकटलेली चिलटं खरवडायची, थापून वड्या भाजायच्या. दरवर्षीचंच काम. पण चिलटंही सरोवरातलीच, म्हणून फनेसी घरातच बसून राहिली.

"ऊठ," सासू म्हणाली. "माझा लेक गेला. आता नातही घालवतेस का?"

फनेसी उठली. काठावर जाऊन तिने तवा फिरवला...

अख्खा लोट तिच्याच तव्यावर बसला. बाकीच्यांचे तवे कोरडे राहिले.

"नवऱ्यानंच धाडलीत गं तुला," शेजारीण खवचटपणे बोलली.

बायका कोरडे तवे घेऊन परतल्या.

वडी भाजताना वास सुटला. मासळीचा नव्हे... भिजून कुजलेल्या मांसाचा. फनेसीने नाक दाबलं. पण तेमवा अधाशासारखी वडीवर तुटून पडली होती.

मग कट्ट... असा आवाज आला.

तेमवाने दाताखालचं काहीतरी हातावर काढलं.

नख.

अंगठ्याचं. काळंनिळं, मधोमध चिरलेलं. होडी ठोकताना चिमांगोच्या अंगठ्यावर हातोडा बसला होता. फनेसीनेच त्यावर पाला बांधला होता.

ती तिथेच भडाभडा ओकली. मग तिने लेकीच्या घशात बोटं घातली.

"ओक बाई, सगळं ओक."

काहीच बाहेर आलं नाही. तेमवाने ओठ पुसले.

"आई, अजून एक दे ना."

ते नख घरामागे पुरलं. चिमांगोचं तेवढंच हाती लागलं.

तेमवा आता मोठी झालीय, चांगली धडधाकट आहे. फनेसीला मात्र तिचं उष्टं ताट उचलायचीही शिसारी येते. पोटच्या पोरीची शिसारी यावी, याची लाजही वाटते.

गेल्या महिन्यात तेमवाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मधोमध चिरलं. तिला कुठे काही लागलं नव्हतं.

"दुखतं का गं?" फनेसीने लांबूनच विचारलं.

"नाही," तेमवा म्हणाली. "नुसतं ओलं लागतं."